परजीवींविरुद्धच्या जीन थेरपीचं काम नागपुरातून सुरू करा : वन हेल्थ संस्थेला खुलं पत्र

प्रति,
संचालक आणि शास्त्रज्ञ मंडळी,
नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वन हेल्थ, नागपूर
तसेच महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठातील माझे सहकारी

स. न. वि. वि.

११ डिसेंबर २०२२ रोजी, समृद्धी महामार्गाचं उद्घाटन झालं त्याच दिवशी, तुमच्या संस्थेची पायाभरणी नागपुरात झाली. माणसाचे, जनावरांचे आणि जंगलातले आजार एकाच छताखाली अभ्यासायचे हा तिचा हेतू. विदर्भातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत नोकरी करून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्याला याचा किती आनंद झाला असेल ते तुम्ही समजू शकता. त्याच हक्कानं एक मागणी करतो. परजीवींविरुद्ध शरीराची प्रतिकारशक्ती जनुकांच्या मदतीनं वाढवण्याचं, म्हणजे जीन थेरपीचं, संशोधन तुमच्या कार्यक्रमात घ्या, आणि त्याची सुरुवात एका परजीवीपासून माणसाला वाचवणाऱ्या एपीओएल-१ या जनुकापासून करा. हे काम बोस्टनला किंवा बंगळुरूला होऊ शकतं, पण त्यावर पहिला हक्क नागपूरचा आहे. का, ते सांगतो.

ऑक्टोबर २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातला एक शेतकरी तापानं आजारी होता. ताप चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. असं पाच महिने चाललं. त्याच्या रक्तात मलेरियाचे जंतू नव्हते, ट्रिपॅनोसोमा नावाचे एकपेशीय परजीवी होते. हा गडी कधी आफ्रिकेला गेलेला नव्हता, आणि ज्या त्सेत्से माशीमुळे आफ्रिकेत निद्रारोग होतो ती माशी आपल्याकडे नाहीच. नागपूरच्या इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या, म्हणजे आपल्या मेयोतल्या डॉक्टरांनी हा जंतू ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय असल्याचं सिद्ध केलं. २००५ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन अँड हायजीन’मध्ये ते छापून आलं. भारतात माणसाला हा रोग झाल्याची ती पहिली नोंद. गावाचं नाव जगभरच्या नियतकालिकांत आहे, मी मात्र ते इथं लिहीत नाही. तिथली माणसं अजून तिथंच राहतात, त्यांच्या मुलामुलींच्या सोयरिकी व्हायच्या आहेत.

ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय म्हणजे आम्हा पशुवैद्यांच्या ओळखीचा, जनावरांना होणाऱ्या सर्रा या रोगाचा जंतू. ग्रिफिथ इव्हान्स या घोड्यांच्या डॉक्टरानं १८८० साली डेरा इस्माईल खान इथं घोड्याउंटांच्या रक्तात तो पहिल्यांदा पाहिला. पावसाळा सरता सरता गोमाशा वाढतात आणि एका जनावराचं रक्त चावून दुसऱ्याला लावतात. म्हैस दूध आटवते, ताप येतो नि जातो, डोळ्यांतून पाणी गळतं, पायांवर सूज येते. रोग मेंदूपर्यंत गेला तर जनावर गोल गोल फिरतं, नाही तर गव्हाणीला डोकं लावून तासन् तास उभं राहतं. कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, वर पातळ काच ठेवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. आधी जंतू दिसत नाही. तांबड्या पेशींच्या गर्दीत एका जागी खळबळ दिसते, पेशी इकडेतिकडे ढकलल्या जातात. नजर तिथं स्थिर केली की पेशींमधून वळवळत वाट काढणारा तो लांबट, पारदर्शक जीव दिसतो. ज्यानं हे एकदा पाहिलं तो विसरत नाही.

गोठ्यात क्विनापायरामाइनचं इंजेक्शन देताना मालक हमखास विचारायचा, “डॉक्टरसाहेब, हा किडा माणसाले बी धरते का जी?” आम्हाला शिकवलेलं उत्तर ‘नाही’ असं होतं, आणि जवळजवळ सगळ्या माणसांच्या बाबतीत ते खरंही आहे. गोमाशी माणसाला काही कमी चावत नाही. तरी शेकडो वर्षं म्हशींसोबत राहणाऱ्या माणसाला सर्रा होत नाही, कारण आपल्या रक्तात एक प्रथिन आहे. ते एपीओएल-१ या जनुकापासून बनतं. ते चांगल्या कोलेस्टेरॉलच्या कणांवर बसून रक्तात फिरतं. ट्रिपॅनोसोमा ते कण अन्न म्हणून गिळतो. प्रथिन त्याच्या पोटातल्या आम्लाच्या पिशवीत पोचतं, पिशवीच्या आवरणाला भोकं पाडतं, त्यातून क्षार आणि पाणी आत शिरतं आणि जंतू फुगून फुटतो. ब्रुसेल्सच्या शास्त्रज्ञांनी २००३ साली हे प्रथिन हेच ते मारक द्रव्य असल्याचं दाखवलं होतं.

आपल्या शेतकऱ्याचं रक्त त्याच ब्रुसेल्सच्या प्रयोगशाळेत तपासलं गेलं. त्याच्या रक्तात हे प्रथिन औषधालाही नव्हतं. आईकडून आणि बापाकडून आलेल्या, जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या. मग शास्त्रज्ञांनी त्याच्या रक्तद्रवात बाहेर तयार केलेलं एपीओएल-१ मिसळलं, आणि तो रक्तद्रव पुन्हा ट्रिपॅनोसोमा मारू लागला. २००६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हे प्रसिद्ध झालं.

माझी सगळी मागणी त्या एका प्रयोगावर उभी आहे. एक जनुक नसल्यानं माणूस एका परजीवीपुढे उघडा पडतो, आणि त्या जनुकाचं प्रथिन परत दिलं की निदान काचनळीत तरी संरक्षण परत येतं. परजीवींविरुद्धच्या जीन थेरपीला याहून स्वच्छ पुरावा कुठून मिळणार? आणि तो विदर्भातल्या शेतकऱ्याच्या रक्तातून मिळाला आहे.

जीन थेरपीच कशाला, लस का नको, असं कुणी विचारेल. ट्रिपॅनोसोमाच्या अंगावर प्रथिनांचा दाट थर असतो आणि त्याचे शेकडो नमुने त्याच्या जनुकांत साठवलेले असतात. शरीर एका नमुन्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार करेपर्यंत जंतू दुसरा थर चढवून बसतो. रुग्णाचा ताप असा चढत-उतरत राहतो तो त्यामुळेच. म्हणून या जंतूवर आजवर चालेल अशी लस झालेली नाही. एपीओएल-१ ला मात्र हा थर ओळखावा लागत नाही, ते जंतूच्या पोटातून वार करतं. लसीची वाट जिथं बंद आहे तिथं जनुकाची वाट शोधायची, एवढं साधं त्यामागचं कारण आहे.

प्राण्यांत त्याची चाचणीही झालेली आहे. २००९ साली न्यूयॉर्कच्या शास्त्रज्ञांनी बबून माकडाचं एपीओएल-१ जनुक उंदरांच्या शेपटीच्या शिरेतून सोडलं. उंदरांचं यकृत काही काळ ते प्रथिन बनवू लागलं, आणि माणसाला मारणाऱ्या आफ्रिकी ट्रिपॅनोसोमापासून ते उंदीर वाचले. बबूनचं जनुक घेतलं कारण आफ्रिकेतल्या त्या जंतूनं माणसाच्या प्रथिनाला निकामी करणारा स्वतःचा तोड काढलेला आहे, बबूनच्या प्रथिनापुढे तो चालत नाही. पुढे हेच जनुक गुरांत आणण्याचा विचार नैरोबीच्या पशुधन संशोधन संस्थेपर्यंत पोचला. आपल्याकडे उंट, घोडे, म्हशी सर्ऱ्यानं झिजतात. जुलै २००० मध्ये भुवनेश्वरच्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात याच रोगानं डझनभर वाघ काही दिवसांत दगावले. गोरेवाड्यात वाघ-बिबटे सांभाळणाऱ्या आपल्या लोकांना ती घटना चांगली ठाऊक आहे. मग हा प्रश्न नागपूरचा नाही तर कुणाचा?

मात्र उत्साहाच्या भरात एक गोष्ट झाकू नये. त्या शेतकऱ्याला जीन थेरपीनं बरं केलेलं नाही. तो शंभर वर्षं जुन्या सुरामिन या औषधानं बरा झाला. दोन्ही प्रती बिघडलेली माणसं फार थोडी असतात आणि त्यातल्या कुणाला सर्रा होणं त्याहून दुर्मीळ. अशा एकेका माणसासाठी कोट्यवधींची थेरपी बनवा असं मी म्हणणार नाही. कुणी त्या नावावर इमारत आणि यंत्रं मागत असेल तर तुम्हीही नाही म्हणा. एपीओएल-१ पासून सुरुवात करायची ती ती वाट शिकण्यासाठी. जनुक कोणत्या मार्गानं द्यायचं, यकृत ते किती दिवस बनवतं, किती प्रथिन पुरतं, जास्त झालं तर काय बिघडतं, हे सगळं इथं जनावरांत मोजता येतं, कारण जंतू हाताशी आहे, जनावर हाताशी आहे आणि निकाल एका काचपट्टीवर दिसतो.

ती वाट शिकलो की पुढचं दार गडचिरोलीकडे उघडतं. तिथला फाल्सिपॅरम, म्हणजे सगळ्यात जीवघेणा मलेरिया, तुम्हाला मी काय सांगू! मालीमध्ये प्रयोगशाळेत बनवलेल्या एका प्रतिपिंडाचा एकच मोठा डोस दिला तर सहा महिने फाल्सिपॅरमच्या संसर्गापासून ८८ टक्के संरक्षण मिळालं, हे २०२२ साली प्रसिद्ध झालं आहे. अडचण अशी की हे प्रतिपिंड महाग पडतं आणि काही महिन्यांनी ओसरतं. त्याचं जनुकच शरीरात दिलं तर आपलेच स्नायू किंवा यकृत ते बनवत राहतील, ही कल्पना उंदरांवर २०१४ सालीच यशस्वी झालेली आहे. पुण्यातून मलेरियावरची आर-२१ लस बाहेर पडते आहे याचा मला अभिमान आहे. पण लसीचे डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात, आणि भर पावसात भामरागडच्या पलीकडच्या पाड्यावर पुन्हा पुन्हा पोचणं काय असतं हे तिथं नोकरी केलेल्यालाच कळतं.

आता ज्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त काळजी आहे तिच्याकडे येतो. रक्षण करणारं जनुक फुकट रक्षण करत नाही, हे विदर्भाइतकं कुणाला माहीत असेल? सिकलसेलचं जनुक एका बाजूनं आलं तर मलेरियाच्या जीवघेण्या हल्ल्यापासून वाचवतं, हे ॲलिसन या शास्त्रज्ञानं १९५४ साली दाखवलं. दोन्ही बाजूंनी आलं की तेच जनुक लेकराची हाडं, फुप्फुसं, प्लीहा सगळं पोखरतं. मलेरियाशी पिढ्यान् पिढ्या झालेल्या झगड्याचं बिल आपल्या आदिवासी आणि दलित घरांत आजही फेडलं जातं आहे. एपीओएल-१ चीही तीच कथा. त्याचे दोन बदललेले प्रकार आफ्रिकेत निद्रारोगाच्या जंतूवर मात करतात, म्हणून तिथं ते पसरले. पण ज्यांना ते दोन्हीकडून मिळतात त्यांच्यात मूत्रपिंडं निकामी होण्याचा धोका बराच वाढतो, हे २०१० साली उघड झालं.

निसर्गाचा हा हिशेब समोर असताना निरोगी माणसाच्या शरीरात, रोग होऊ नये म्हणून, कायमचं जनुक टाकणं मला मान्य नाही. कर्करोगाच्या रुग्णाला धोका पत्करायला कारण असतं. धडधाकट पोराला नसतं. विषाणूच्या वाहनातून दिलेलं जनुक बहुधा परत काढता येत नाही, आणि त्या विषाणूविरुद्ध शरीर तयार झालं की दुसऱ्यांदा देताही येत नाही. म्हणून माझा आग्रह असा की नागपूरचं काम ओसरणाऱ्या पद्धतींवर व्हावं. काही आठवडे-महिने काम करून विरून जाणारा डीएनए किंवा एमआरएनए वापरावा, म्हणजे पावसाळ्यापुरतं कवच मिळेल आणि काही बिघडलं तर ते आपोआप उतरेल. डीएनएवर आधारित कोविडची लस २०२१ साली अहमदाबादेत तयार झाली, म्हणजे हे तंत्र आपल्या देशाला परकं नाही. जीन थेरपीच्या चाचण्यांसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आणि तुमची संस्था त्याच परिषदेची, म्हणजे तीही तुमच्याच घरची.

जनुक म्हणजे सर्व काही, असंही समजू नका. २०१५ साली व्हिएतनाममध्ये एका बाईला सर्रा झाला. तिचं एपीओएल-१ तपासलं तर जनुकाच्या दोन्ही प्रती धड होत्या आणि प्रथिनही रक्तात पुरेसं होतं. म्हणजे जंतू कधी कधी कवच असलेल्या माणसातही शिरतो. आपल्या म्हशींतले सर्ऱ्याचे जंतू माणसाच्या रक्तद्रवात किती टिकतात हे नियमानं तपासत राहणं हेही या कामातच यायला हवं, आणि ते वन हेल्थ संस्थेनं करायचं नाही तर कुणी?

खर्चाचं विचाराल तर सिकलसेलवरची पहिली जनुक-संपादन थेरपी २०२३ च्या अखेरीस अमेरिकेत २२ लाख डॉलरना बाजारात आली. तो आकडा पाहून आपण हात जोडून बसलो असतो. पण त्याच वर्षी आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या मेहनतीतून आलेल्या, रक्ताच्या कर्करोगावरच्या कार-टी थेरपीला आपल्या देशात मंजुरी मिळाली, ती परदेशातल्या किमतीच्या साधारण दहाव्या हिश्शात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं हिमोफिलियाच्या रुग्णांना जीन थेरपी देऊन दाखवली. पैशाचं कारण आता पूर्वीसारखं तगडं राहिलेलं नाही.

मला अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. त्या शेतकऱ्याच्या गावात १,८०६ लोकांचं रक्त तपासलं गेलं. पहिल्या चाचणीत ४१० जण सर्ऱ्याच्या प्रतिपिंडांसाठी पॉझिटिव्ह आले, फेरतपासणीत ८१ उरले, आणि त्यांच्यातल्या सगळ्यात ठळक पॉझिटिव्ह ६० जणांपैकी कुणाच्याही रक्तात जंतू सापडला नाही. पुढे २०१२ साली त्याच गावावरून असा निष्कर्ष आला की एपीओएल-१ नसलं म्हणून मूत्रपिंडाला इजा होत नाही. तुमच्यापैकी ज्यांना औषधशास्त्र कळतं त्यांना याचं मोल सांगायला नको. एपीओएल-१ ला दाबून मूत्रपिंड वाचवणारी गोळी पश्चिमेकडे माणसांवर तपासली जाते आहे, आणि हे प्रथिन नसतानाही माणूस नीट जगतो हा तिचा एक मोठा आधार आहे. तो आधार चंद्रपूरच्या धानाच्या बांधावर सापडला. जगानं त्या गावाकडून दोनदा ज्ञान घेतलं, एकदा परजीवींबद्दल आणि एकदा मूत्रपिंडाबद्दल.

म्हणून प्रकल्पाचा पहिला कागद लिहिण्याआधी गावाशी बोला. मराठीत, ग्रामसभेत, शाळेच्या पटांगणात बसून. तुमच्या रक्तातून काय कळलं, त्याचा कुणाला उपयोग झाला, पुढे काय करायचं ठरतं आहे, आणि नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, हे सगळं सांगा. विदर्भात बिघडलेल्या एपीओएल-१ चे वाहक शोधायचे ठरलं तर कृपा करून ती तपासणी सिकलसेलचा निकाल दाखवणाऱ्या कार्डाला जोडू नका. ते रंगीत कार्ड पाहून ठरलेली लग्नं मोडल्याचं मी शेजारपाजारच्या घरांत पाहिलं आहे. एका बापानं मुलीचं कार्ड चार घड्या घालून पाकिटाच्या आतल्या कप्प्यात ठेवलं होतं, दवाखान्यातही बाहेर काढायला तयार नव्हता. एपीओएल-१ चा वाहक असणं हा रोग नव्हे. त्याचा निकाल ज्याचा त्याला, एकट्याला, समुपदेशकानं सांगावा.

दुसरं काम प्रयोगशाळेबाहेरचं आहे आणि त्याला एक पैचीही जीन थेरपी लागत नाही. पूर्वी तापाच्या प्रत्येक रुग्णाचा रक्तनमुना काचपट्टीवर घेऊन तंत्रज्ञ डोळ्यानं बघायचा. त्या काचपट्टीत मलेरियासोबत ट्रिपॅनोसोमाही दिसला असता. आता खेड्यांत झटपट किट आलं आहे. किट मलेरियापुरतं चांगलं आहे, पण मलेरिया नाही एवढंच ते सांगतं आणि थांबतं. किट निगेटिव्ह, ताप मात्र हटत नाही, घरी गुरं आहेत, असा रुग्ण आला तर काचपट्टी बघितलीच पाहिजे, एवढा नियम पूर्व विदर्भातल्या ग्रामीण रुग्णालयांत लागू करून घ्या. तंत्रज्ञांना ट्रिपॅनोसोमा ओळखायला आमचे पशुवैद्यकीय महाविद्यालयातले लोक एका दुपारी शिकवतील. कोणत्या भागात आणि कुणाला कवच कमी पडतं हे यातूनच कळेल, आणि पुढचं सगळं संशोधन त्या माहितीवर उभं राहील.

पशु विद्यापीठातल्या सहकाऱ्यांना माझं सांगणं एवढंच की म्हशीतला सर्रा आता ‘जुना विषय’ म्हणून बाजूला सारू नका. तुमच्याकडे जंतू वाढवायची, जनावरांत चाचणी करायची सोय आणि परवानगीची यंत्रणा आहे, वन हेल्थकडे माणसाची बाजू येणार आहे, मेयोकडे २००४ चा अनुभव आहे. तीनही एकाच शहरात. एकत्र बसायला कुणाला विमान पकडावं लागत नाही.

या विषयावर संस्थेची भूमिका काय, हे येत्या पावसाळ्याआधी जाहीर करावं ही विनंती. नोकरीच्या काळात जमवलेल्या सर्ऱ्याच्या रंगवलेल्या काचपट्ट्या माझ्याकडे आहेत, प्रत्येकीवर गाव, महिना आणि जनावर लिहिलेलं आहे. तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणासाठी त्या संस्थेला देण्याची माझी इच्छा आहे, आणि गावच्या बैठकीला बोलावलंत तर मीही येईन.

कळावे,
आपला,
एक निवृत्त पशुवैद्यक
नागपूर